मल्हारअण्णांचा बर्फ

नंदिनी, ये गं, अशी जवळ सरक. तू हेब्बाळला आणि मी इंदिरानगरात हे मला कळतं, पण मी बोलते तसंच लिहिते, तेव्हा तूही समोर मांडी घालून बसल्यासारखी ऐक. परवा फोनवर म्हणालीस, इंदूआजी, पिल्लू फार गोड आहे, चपला कुरतडतं, दोन महिने झाले आणून. मी विचारलं, सुया दिल्यास का त्याला? तर म्हणालीस, राहिल्यात गं, ऑफिसातून वेळच मिळत नाही. आणि हसलीस. पिल्लाला स्वेटर घालून फोटो काढायला वेळ मिळतो, तो मला पाठवायलाही मिळतो, आणि डॉक्टरकडे न्यायला मिळत नाही होय? हे सगळं मनात. फोन ठेवला आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

रागवायला लिहीत नाहीये. म्हणजे रागवायचंच आहे, पण तेवढ्यासाठी नाही. मल्हारअण्णांचं सांगायचं राहून गेलंय. तुझ्या आईला सांगितलं नाही, कुणालाच नाही. मी शाळेत गेलेली बाई नव्हे. मराठी अक्षरं नवऱ्याच्या पंचांगावरून शिकले आणि कानडी दुकानांच्या पाट्यांवरून. तेव्हा चुका काढू नकोस, नुसतं वाच.

मी निपाणीहून लग्न होऊन बेंगळूरला आले तेव्हा स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. चिकपेटेत कापडाच्या दुकानांच्या मागं आमची गल्ली. पंधरा-वीस घरं, सगळी जुनी मराठी, कुणाकुणाचे पूर्वज फौजेबरोबर आलेले. त्यांची मराठी ऐकून पहिले सहा महिने मला निम्मं कळायचं नाही. ‘स्वल्प सरका’ म्हणजे जरा सरका, ‘सरी, येते मी’ म्हणजे बरं, येते मी, असं दर वाक्यात कानडी मिसळलेलं. मोठ्या पुरुषाला अण्णा, मोठ्या बाईला अक्का. मी मात्र ‘निपाणीवाली’.

समोरच्या घरात मल्हारअण्णा आणि सुंदराक्का राहायचे. मूलबाळ नव्हतं. अण्णा सरकारी जनावरांच्या दवाखान्यात कंपौंडर. गल्लीत त्यांना ‘नायीडॉक्टर’ म्हणत. नायी म्हणजे कानडीत कुत्रा. ते नाव ठेवलं दत्तोबा शिंप्यानं. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणा मारल्याशिवाय त्याच्या मशीनचं चाक फिरत नसे. अण्णा सायकलवरून निघाले की हा आतून म्हणायचा, “नायीडॉक्टर, माझ्या मशीनची सुई मोडलीय, एक देऊन जा.” अण्णा हसायचे पण थांबायचे नाहीत. म्हणायचे, “बर्फ वितळतोय.”

हे त्यांचं वाक्य होतं. त्याचं असं की, कुत्र्यांना पिसाळू नये म्हणून जी लस देतात ती हेब्बाळला बनायची. तेव्हाचं हेब्बाळ म्हणजे तळं आणि शेतं. तुझ्या त्या काचेच्या इमारती तुझ्या आईच्याही स्वप्नात नव्हत्या. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी अण्णांना परवानगी दिली होती की रविवारी हवी तर लस आणा आणि आपल्या पेटेतल्या कुत्र्यांना फुकट द्या. मग अण्णा रुंद तोंडाचा थर्मास घ्यायचे, सोडावॉटरवाल्याकडून भुशात ठेवलेला बर्फ फोडून त्यात भरायचे, आणि सायकल मारत हेब्बाळला जाऊन त्या बर्फात काचेच्या कुप्या घेऊन यायचे. येताना कुणी हाक मारली, ओळखीचं भेटलं, कुणी कॉफी प्या म्हटलं, तरी उत्तर एकच. बर्फ वितळतोय. ते अंगात इतकं मुरलं की थर्मास नसतानाही तेच म्हणायचे. एकदा गल्लीतल्या लग्नात पंगतीला बसले, होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, वाढायला आली आणि हे उठले. यजमान हात जोडून उभे, अण्णा काय चुकलं? हे म्हणाले, काही नाही, बर्फ वितळतोय. कुणाची तरी गाय व्यायला झाली होती. गायीला कसला बर्फ? पण लोक तोवर समजून गेले होते, की हा माणूस घाईत आहे आणि ही घाई याची स्वतःची नाही.

उंच, वाळकी मूर्ती. सायकलवर बसले की गुडघे हँडलला लागायचे. खाकी कोटाला चार खिसे, त्यातल्या एकात कायम बेण्णे बिस्किटाचा, म्हणजे लोण्याच्या बिस्किटाचा, चुरा. अंगाला फिनेलचा आणि आयोडीनचा वास. घरात शिरण्याआधी नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे, मग हात नाकाशी नेऊन हुंगायचे, आणि पुन्हा धुवायचे.

आमच्या कऱ्याला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तो दिवस मला अजून दिसतो. मामंजींकडून मागून घेतलेलं माझं काळं पिल्लू, अडीच महिन्यांचं, पोट नगाऱ्यासारखं. मला वाटायचं काय छान खातंपितं बाळ. मी पदराखाली झाकून नेला. दवाखान्याच्या व्हरांड्यात घोडे, म्हशी, एक बोकड, आणि त्या वासानं कऱ्या असा थरथरायला लागला की मी त्याला पदरात आणखी घट्ट गुंडाळलं. अण्णांनी मला पाहिलं, पण पिल्लाकडे पाहिलं नाही. फरशीवर पाठ करून उकिडवे बसले आणि माझ्याशी निपाणीच्या तंबाखूबद्दल बोलत राहिले. मी मनात म्हणते, हा काय डॉक्टर! थोड्या वेळानं कऱ्या पदरातून उतरला, गेला, आणि त्यांच्या कोटाचा खिसा हुंगायला लागला. मग अण्णांनी मागं न वळताच हात नेला, हिरड्या पाहिल्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, पोट चाचपलं. म्हणाले, “जंत आहेत. औषध देतो. नाव काय?”

मी म्हटलं, अजून ठेवलं नाही, कऱ्या-कऱ्या म्हणतो आपलं.

“म्हणजे कऱ्या,” असं म्हणून त्यांनी खिशातून पत्रिका काढली. अगं, लग्नपत्रिका. लोकांच्या जुन्या लग्नपत्रिका ते जमवून ठेवायचे, कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर पिल्लाचं नाव, आज काय दिलं, पुढची सुई कधी, असं लिहायचे आणि हातात द्यायचे. बिननावाच्या पिल्लाला ते हात लावत नसत. म्हणायचे, नाव नाही तर परत आणायची आठवण कुणाची ठेवणार? दत्तोबानं आणलेल्या पिल्लाला नाव नव्हतं, तर यांनी तिथल्या तिथं ठेवून दिलं, बटण. दत्तोबा आठ दिवस कुरकुरला, की माझ्या धंद्याची थट्टा केली. मग दुकानात कुणी नसलं की “बटण, बटण” अशी हाक आम्हाला पलीकडे ऐकू यायची. त्या आवाजात टोमणा नसायचा.

आता सुंदराक्कांचं सांगते, कारण त्यांच्याशिवाय अण्णा पुरे होत नाहीत. स्वतःला मूल नाही, पण गल्लीतलं प्रत्येक मूल त्यांच्या पायांवर न्हायलेलं. बाळंतीण घरी आली की पहिलं बोलावणं अक्कांना. पाय पसरून पाटावर बसायच्या, पोर पायांवर आडवं घ्यायच्या. तेल कोमट, पाणी कढत, पुसायचं फडकंसुद्धा चुलीवर धरून ऊन केलेलं. त्यांचा एकच नेम होता, की नव्या जिवाला गार काही लागता कामा नये. गार हातसुद्धा नाही. आधी तळवे एकमेकांवर घासून ऊन करायच्या आणि मगच बाळाला उचलायच्या.

कऱ्या आणला त्या वर्षी पौषात अण्णांनी सगळ्या गल्लीची पिल्लं आणि कुत्री एकाच रविवारी उरकायचं ठरवलं. घरोघरी जाऊन सांगितलं, हातापाया पडले म्हण ना. निम्म्यांना पटत नव्हतं. धडधाकट पिल्लाला सुई कशाला? दत्तोबा तर म्हणाला, तुमचं आपलं काहीतरी सुरूच असतं. अण्णा त्याच्या दुकानात पाऊण तास बसले. थर्मास नव्हता म्हणून बसले. शेवटी दत्तोबा म्हणाला, सरी, तुमच्या शब्दावर देतो.

चौदा जनावरं जमली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिंपळाचा पार आहे, नागाचे दगड मांडलेला. तिथं त्याला अरळीकट्टा म्हणतात. त्या कट्ट्यावर सगळे पिल्लं घेऊन बसलेले. बेंगळूरची पौषातली सकाळ, धुकं उतरलेलं, पिल्लं कुडकुडत होती. अण्णा हेब्बाळहून थर्मास घेऊन आले, स्टोव्हवर सुया उकळायला ठेवल्या, आणि तेवढ्यात कुणीतरी धावत आलं की कोपऱ्यावर जटक्याचा, म्हणजे टांग्याचा, घोडा पडलाय, उठत नाही. अण्णांनी थर्मास अक्कांच्या हातात दिला. म्हणाले, झाकण उघडू नका, आलोच. आणि गेले. तास-दीड तास आले नाहीत.

मी अक्कांकडेच होते, पिल्लांसाठी दूध ऊन करायला. अक्का थर्मास मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मधून मधून बाहेर पिल्लांकडे बघायच्या. मग म्हणाल्या, बघ गं इंदू, सुया कढत करतात आणि औषध मात्र बर्फातलं टोचणार. एवढंसं अंग, आत गार गेलं तर छातीत बसेल. मी म्हटलं, अण्णांनी उघडू नका म्हटलंय. तर म्हणाल्या, “अगं, दूध नासू नये म्हणून गार ठेवतात, पण पाजताना कोमट करूनच पाजतात ना?”

मला ते पटलं, नंदिनी. खरंच सांगते, पूर्ण पटलं. त्यांनी कुप्या काढल्या, फडक्यात बांधल्या, आणि न्हाणीघरातल्या घंगाळात कढत पाण्यात सोडल्या. बाळाच्या अंघोळीला असतं तितकं कढत. पाणी निवत आलं तसं त्यांनी अजून एक तांब्या मला घालायला सांगितला. तो मी घातला. मग अण्णांची सायकल वाजली तशा त्यांनी कुप्या पुसून परत थर्मासात ठेवल्या, उरलेल्या बर्फात. अण्णा आले, घोडा वाचला म्हणून खुशीत होते. त्यांनी चौदाच्या चौदांना सुया दिल्या, चौदा पत्रिका लिहिल्या. बटण अजिबात ओरडला नाही आणि दत्तोबाची मान ताठ झाली. त्या दिवशी पहिल्यांदा अण्णा आमच्याकडे कॉफी बसून प्याले. म्हणाले, आता आपल्या गल्लीला भीती नाही.

उन्हाळ्यात एक पिसाळलेलं कुत्रं बाजारातून धावत आलं आणि आमच्या गल्लीतून गेलं. जाताना तिघांना फाडून गेलं: आमचा कऱ्या, दत्तोबाचा बटण, आणि गल्लीतल्या फुलवालीची कुत्री शेवंती. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची माणसं दोऱ्या घेऊन आली. चावलेली कुत्री न्यायची हा नियमच होता. बायका रडायला लागल्या. अण्णा कामावर जायला निघाले होते. त्यांनी सायकल गल्लीत आडवी घातली आणि समोर उभे राहिले. तिन्ही पत्रिका दाखवल्या. म्हणाले, “माझी सुई आहे यांना. घरात बांधून ठेवतो, रोज बघतो. जबाबदारी माझी.” ती माणसं त्यांना ओळखत होती. गेली परत. दत्तोबा दुकानातून बाहेर आला आणि त्यानं अण्णांची सायकल उचलून सरळ करून दिली.  त्या दिवशी नायीडॉक्टर म्हणाला नाही.

अण्णा रोज सकाळ-संध्याकाळ तिन्ही घरी जायचे. पाणी प्यायला का, खाल्लं का, आवाज कसा आहे. तीन आठवडे झाले. मग एके दिवशी शेवंतीचा आवाज बदलला. जबडा लोंबायला लागला, पाण्याच्या भांड्याकडे बघायची आणि घशातून काहीतरी विचित्र यायचं. अण्णा भर दुपारी कामावरून आले आणि तिच्यासमोर बसून राहिले. या खेपेला पाठ करून नाही बसले. संध्याकाळपर्यंत ती गेली. तिनं घरात कुणाला चावलं नव्हतं, तरी लाळ लागली असेल म्हणून फुलवालीच्या घरातल्या सगळ्यांना पोटात चौदा-चौदा सुया घ्यायला अण्णांनीच नेलं.

ते स्वतः रिकामी कुपी खिशात घालून हेब्बाळला गेले, भांडायला, की तुमची लस वाईट निघाली. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी शांतपणे वही काढली. त्याच खेपेची लस पाच-सहा ठिकाणी गेली होती. तिथली कुत्री चावून घेऊनसुद्धा खुशाल होती. त्यांनी अण्णांना एवढंच विचारलं, बर्फाबाहेर राहिली होती का? अण्णांनी शपथ घेतली, माझ्या हातून नाही.

हे सगळं ते घरी येऊन सांगत होते. मी आणि अक्का पडवीत डाळ निवडत होतो. अण्णा खांबाला टेकून बसलेले, कोट अंगात तसाच, नळावर हात धुवायलाही गेले नव्हते. अक्कांचा हात सुपात थांबला.

“कोमट केली तर बिघडते का हो?”

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं.  मग विचारलं, “किती वेळ?”

“घंगाळातलं पाणी निवेपर्यंत. मग अजून एक तांब्या घातला.” त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. “पिल्लं कुडकुडत होती.”

मला वाटलं ते ओरडतील. मला हवं होतं त्यांनी ओरडावं. ते उठले, अक्कांच्या हातातलं सूप काढून बाजूला ठेवलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “इंदू, तू काही पाहिलं नाहीस.”

मग ते घरोघरी गेले. चौदा दारांत उभं राहून त्यांनी सांगितलं, सुई लागू पडलेली नाही, दोष माझा. बर्फ वाटेत वितळला होता, मला ते लक्षात यायला हवं होतं. दवाखान्यातही हेच सांगितलं. त्यांची रविवारची परवानगी गेली. ज्या माणसानं आयुष्यात कधी वाटेत पाय टेकला नाही, त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं की बर्फ वितळला.

कऱ्या आणि बटण त्यांनीच संपवले, औषध देऊन. दुसरा इलाज नव्हता. आज धडधाकट दिसतात आणि उद्या शेवंतीसारखी होतील, तोवर कुणाला चावतील. आमच्या परसात आधी कऱ्या. अण्णा पाठ करून बसले. कऱ्या आला आणि कोटाचा खिसा हुंगायला लागला. मी आत निघून गेले. बटणाच्या वेळी म्हणे दत्तोबानं त्याला स्वतः मांडीवर धरलं, आणि बटण अण्णांना बघून शेपूट हलवत होता. दत्तोबा नंतर प्रत्येकाला तेवढंच सांगायचा, “शेपूट हलवत होता. काही झालं नव्हतं त्याला.”

त्यानंतर अण्णा सायकलवरून निघाले की दुकानादुकानांतून आवाज यायचा, अण्णा, बर्फ वितळला. दत्तोबा मात्र तसं कधी म्हणाला नाही. तो बोलायचाच बंद झाला. आणि अक्कांनी बाळं न्हाऊ घालणं सोडलं. बोलावणी यायची, कारण त्यांचं कुणाला ठाऊक नव्हतं. त्या म्हणायच्या, माझे गुडघे दुखतात. रात्रंदिवस राबलेले ते तळवे नुसते मांडीत पडून असायचे.

पुढच्या पौषात गल्लीतल्या एकाही पिल्लाला सुई मिळाली नाही. दवाखान्यातून दुसरा माणूस आला होता कुप्या घेऊन. त्याला लोकांनी कट्ट्यावरूनच परत पाठवलं. सुई देऊनही मेली आणि सुई देऊनही मारली, मग कशाला? अण्णा दारोदार गेले. दारं लागली.

दत्तोबानं नवं पिल्लू आणलं होतं. नाव ठेवलं नव्हतं त्याला. पाच-सहा महिन्यांत ते एकाएकी बिथरलं, दत्तोबाच्या हाताला चावलं, आणि तिसऱ्या दिवशी मेलं. अण्णांना कळलं तसे ते धावत त्याच्या दुकानात गेले. चल माझ्याबरोबर, चौदा सुया आहेत, दुखतात पण माणूस वाचतो, जटका मी आणतो. दत्तोबानं कापडावरून मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही. सकाळी कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर, दुकानाच्या पायरीशी उभे. आम्ही सगळे बघायचो. एकदाच दत्तोबा बोलला. म्हणाला, “तुमच्या शब्दावर एकदा दिली ना मी, अण्णा?”

त्या दिवशी अण्णा कामावर न जाता घरी येऊन खांबाशी बसले. अक्कांनी पदर डोक्यावरून घेतला, माझ्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, इंदू, चल. मी गेले. भर दुपारी गल्लीतून त्या पुढं आणि मी मागं. अण्णांना कळलं तेव्हा आम्ही दुकानाशी पोचलो होतो. तेही येऊन मागं उभे राहिले. अक्कांनी दत्तोबाला सगळं सांगितलं. घंगाळ, कढत पाणी, फडकं, दोनदा. सुई चांगली होती, मी मारली. माझ्यामुळं बटण गेला. तू माझ्यावर राग धर, पण सुया घे. मग म्हणाल्या, “खोटं वाटत असेल तर इंदूला विचार. ती होती तिथं. दुसरा तांब्या तिनं घातला.”

दत्तोबानं मशीनवरचा हात काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

नंदिनी, मी तेवीस वर्षांची होते. समोर खिडकीत माझ्या सासूबाई उभ्या होत्या. गल्ली सगळी बघत होती. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग वर्षभर गप्प का बसलीस? आणि मागं अण्णा उभे होते, तू काही पाहिलं नाहीस असं ज्यांनी सांगितलं ते. ही सगळी कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी कारण काहीच नव्हतं, जीभ आपोआप हलली. मी म्हटलं, “मला नीट आठवत नाही.”

दत्तोबा हसला नाही. उलट फार मऊ आवाजात बोलला, बटणाशी बोलायचा तसा. “अक्का, नवऱ्यासाठी खोटं बोलायला आलात, त्याचं मला काही वाटत नाही. माझी असती तर तीही आली असती.” आणि त्यानं मशीन सुरू केलं.

 परत येताना अक्का गल्लीच्या मधोमध चालत होत्या, आणि अण्णांनी त्यांचा हात धरला होता. तेव्हा आमच्याकडे नवरा-बायको रस्त्यात हात धरत नसत.

दोन महिन्यांनी दत्तोबाला पाणी गिळेना. तेवढंच लिहिते. अण्णा शेवटपर्यंत त्याच्याजवळ होते. नंतर त्याच्या दुकानात लाकडी पेटी निघाली, बटणं ठेवायची, आणि त्यात ती पत्रिका होती. एका बाजूला कुणाच्या तरी लग्नाचा गणपती, दुसऱ्या बाजूला अण्णांच्या अक्षरात: बटण, सुई दिली, पुढची एक वर्षानं.

अण्णांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि दोघं अक्कांच्या माहेराकडे, तुमकूरजवळ, जायला निघाली. तीच माझी शेवटची भेट. सकाळी दहाचा सुमार, दारात जटका उभा, त्यात दोन ट्रंका आणि गुंडाळलेली वळकटी. अक्का वर जाऊन बसल्या होत्या. मांडीवर तो थर्मास, झाकणाशिवाय, दोन्ही तळव्यांत धरलेला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं आणि मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मी आजवर लावत बसले आहे. अण्णा निरोप घ्यायला ओट्यापर्यंत आले. मी सवयीनं म्हटलं, कॉफी टाकते, बसा. आणि उत्तर काय येणार ते ठाऊक होतं म्हणून वाट न बघता आत वळले.

ते बसले. मी कॉफीचा लोटा आणून दिला. त्यांनी तो हातात धरला, एक घोट घेतला, आणि समोरच्या आपल्या बंद दाराकडे बघत राहिले. मला बोलायचं होतं. त्या दिवशी मी हो म्हणायला हवं होतं, एवढं एकच वाक्य. ते जुळवते आहे तोवर कॉफीवर साय धरली. जटकावाल्यानं दोनदा हाक मारली, अण्णा, चला, ऊन चढतंय. अण्णा हलले नाहीत. तिसऱ्यांदा त्यानं हाक मारली तेव्हा त्याच्याकडे न बघताच म्हणाले, “थांब रे. आता काय वितळायचंय.”

मी ते वाक्य बोलले नाही, आणि ते अजून माझ्याजवळच आहे. म्हणून आज तुला लिहिलं. तू येत्या रविवारी ये, नंदिनी. पिल्लाला घेऊन ये, नाव ठेवलं नसशील तर वाटेत ठेव. आपण दोघी त्याला घेऊन डॉक्टरकडे जाऊ, आणि औषध कुठं ठेवता, जरा फ्रीज उघडून दाखवा, असं मी विचारणार आहे. तू लाजू नकोस. माझे गुडघे खरंच दुखतात, पण मी येईन. तू तेवढी लवकर ये गं.